भाररेषेची कुळकथा

मालवाहू जहाज रिकामे उभे असले की त्याच्या दोन्ही कुशींवर मधोमध एक चिन्ह दिसते. ३०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्याला आडवी छेदणारी ४५० मिलिमीटर लांबीची रेघ आणि बाजूला एकाखाली एक काढलेल्या लहान रेघा. माल भरताना पाणी ठरलेल्या रेघेच्या वर चढता कामा नये, एवढेच हे चिन्ह सांगते. त्याला भाररेषा म्हणतात. जहाजाच्या पाण्यात बुडालेल्या भागापेक्षा पाण्यावर राहिलेला भाग लाटांच्या वेळी जास्त उपयोगी पडतो, हे त्यामागचे तत्त्व. वैनगंगेवर डोंगा चालवणारा ढिवर काठ पाण्यापासून किती वर राहिले ते नजरेने पाहतो, तोच हा हिशेब. समुद्रात मात्र तो नजरेवर सोडला गेला आणि त्यात हजारो खलाशी बुडाले.

जहाजावर भाराची खूण करण्याची चाल मध्ययुगातल्या व्हेनिस आणि जिनोव्हा या व्यापारी नगरांत होती. पुढे ती मागे पडली. इंग्लंडमध्ये १८३५ साली लॉइड्स रजिस्टर या संस्थेने एक साधा नियम सुचवला : मालाच्या कप्प्याच्या दर फूट खोलीमागे तीन इंच डेक पाण्याच्या वर राहावे. हा नियम ऐच्छिक होता, आणि ज्याला तो जाचक वाटे तोच तो पाळत नसे. विम्याने प्रकरण आणखी बिघडवले. जुनाट जहाजाचा किमतीपेक्षा मोठा विमा उतरवायचा, ते गच्च भरायचे आणि समुद्रात सोडायचे. पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणू लागले. ११ जानेवारी १८६६ रोजी ‘लंडन’ ही आगबोट बिस्केच्या उपसागरात बुडाली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तिच्यावर प्रमाणाबाहेर माल होता, अशी मोठी ओरड तेव्हा झाली.

रेघेची मागणी आधी केली ती न्यूकॅसलच्या जेम्स हॉल या जहाजमालकाने. नाव मात्र झाले सॅम्युएल प्लिमसॉलचे. कोळशाचा हा व्यापारी १८६८ मध्ये डर्बीतून पार्लमेंटवर निवडून आला. १८७३ मध्ये त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिले, आणि २२ जुलै १८७५ रोजी सरकारने जहाजांच्या सुरक्षेचे विधेयक गुंडाळले तेव्हा भर सभागृहात जहाजमालकांना हरामखोर ठरवून मोठा गोंधळ उडवला. त्याला नंतर माफी मागावी लागली, पण लोकमत त्याच्या बाजूने होते आणि १८७६ मध्ये कायदा झाला.

हा कायदा जवळजवळ विनोदी होता. त्याने रेघ सक्तीची केली, पण ती कुठे काढायची हे मालकावर सोपवले. कार्डिफच्या एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवली असे सांगतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचा हा कारभार १४ वर्षे चालला. १८९० च्या कायद्याने रेघेची जागा ठरवण्याचा अधिकार बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याकडे गेला, आणि भाररेषेचा खरा जन्म तेव्हाचा मानला पाहिजे.

एकच रेघ सगळीकडे चालत नाही, हेही लवकरच कळून चुकले. गोड्या पाण्यात जहाज अधिक खोल बसते, आणि हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक सर्वांत वाईट. म्हणून वर्तुळाच्या बाजूला पाण्याच्या आणि ऋतूच्या वेगवेगळ्या रेघा आल्या. त्यांतल्या एका रेघेवर ‘आयएस’ ही अक्षरे असत, म्हणजे ‘इंडियन समर’. सुवेझ ते सिंगापूर या टापूत पाऊसवारा नसलेल्या उघडिपीच्या महिन्यांत जहाजाला नेहमीपेक्षा थोडे जास्त भरण्याची मुभा ही रेघ देई. हिंदी महासागराचे हवामान अशा रीतीने जगभरच्या ब्रिटिश आगबोटींच्या लोखंडावर कोरले गेले.

याच काळात भंडारा जिल्ह्याचा माल समुद्रावर निघाला. मध्य प्रांतात मँगनीजचे खोदकाम एकोणिसावे शतक सरताना नागपूर जिल्ह्यात सुरू झाले आणि लवकरच तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या भागात पोहोचले. बंगाल-नागपूर रेल्वे दाराशीच होती. तिच्या वाघिणी नागपूरपर्यंत आणि तिथून जीआयपी रेल्वेने मुंबईच्या गोदीपर्यंत माल नेत. १९०५ मध्ये रशियात क्रांतीचा उठाव झाला, कॉकेशसमधल्या मँगनीजच्या खाणी विस्कळीत झाल्या आणि पोलादाचे युरोपी कारखाने हिंदुस्थानकडे वळले. १९०७ मध्ये देशाचे मँगनीज उत्पादन नऊ लाख टनांपर्यंत गेले. त्यात मोठा वाटा मध्य प्रांताचा होता.

जहाजात भरायला हा माल अडचणीचा. वऱ्हाडातला कापूस भरला की जागा संपते, तरी जहाज रेघेपर्यंत बुडत नाही. मँगनीजचे उलटे. एक टन खनिज अर्ध्या घनमीटरच्या आसपास जागा घेते. त्यामुळे कप्पे बरेचसे रिकामे असतानाच पाणी रेघेला टेकते आणि सगळे वजन तळाशी गोळा होते. असे जहाज कलंडत नाही, पण लाटेवर झटक्याने इकडून तिकडे हेलकावे खाते. त्या झटक्यांनी डोलकाठ्या आणि पत्र्यांचे रिव्हेट ढिले होतात. म्हणून जाणते कप्तान काही खनिज वरच्या मजल्यावर भरत.

रेघ ओझे किती ते सांगते, ते कुठे आणि कसे ठेवले ते सांगत नाही. ही तिची मर्यादा १९०९ मध्ये ठळक झाली. मुंबईला नेहमी येणाऱ्या क्लॅन लाइन कंपनीकडे वर अरुंद आणि खाली रुंद अशा घडणीच्या आगबोटी मोठ्या संख्येने होत्या. त्यांतली ‘क्लॅन रॅनल्ड’ गहू आणि पीठ घेऊन ३१ जानेवारी १९०९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ॲडलेडहून निघाली, काही तासांत एका बाजूला कलली आणि उलटली. ६४ पैकी ४० जण बुडाले. त्यांत बहुसंख्य आशियाई खलाशी होते. कोकण किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. माणसांचे ओझे तर जागचे हलणारे, आणि वादळापुढे रेघेचे काही चालत नाही.

तरीही रेघेचे राज्य पसरत गेले. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही ती लागू झाली. त्याच वर्षी ब्रिटिश जहाजांना अधिक खोल भरण्याची सवलतही देण्यात आली, आणि तिच्यावर टीका झाली ती योग्यच होती. ५ जुलै १९३० रोजी लंडनमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने रेघ सर्व देशांची झाली. ‘आयएस’ जाऊन तिच्या जागी उष्ण कटिबंधाची ‘टी’ रेघ आली. १९३३ मध्ये विशाखापट्टणम बंदर सुरू झाले, आणि मध्य प्रांताच्या मँगनीजला पूर्वेकडचा जवळचा रस्ता मिळाला.

आजची व्यवस्था १९६६ च्या कराराची आहे. ‘टी’ रेघ उन्हाळी रेघेच्या वर, उन्हाळी बुडीच्या १/४८ इतक्या अंतरावर असते. दहा मीटर बुडणाऱ्या जहाजाला ती सुमारे २१ सेंटिमीटर जास्त देते, म्हणजे काहीशे टन माल. ही सवलत अरबी समुद्रात १ सप्टेंबर ते ३१ मे एवढीच मिळते, आणि बंगालच्या उपसागरात १ डिसेंबर ते ३० एप्रिल. उरलेल्या महिन्यांत तुमसरचे खनिज मुंबईत भरा की विशाखापट्टणमला, पाणी उन्हाळी रेघेच्या खालीच थांबले पाहिजे.