पुडीवरचं नाव, सालीतलं उत्तर

बियांच्या पुडीवर लिहिलेलं नाव हा फक्त एक दावा असतो. आत खरंच काय आहे, हे झाड मोठं झाल्यावरच कळतं. झेंडूच्या बाबतीत हा दावा खोटा निघाला तर एक मोसम वाया जातो. एकोणिसाव्या शतकात जावा बेटावर मात्र अशाच दाव्यावर दहा लाखांहून जास्त झाडं वाढवली गेली. पणाला लागले होते हिवतापाचे रोगी.

झाड होतं सिंकोना. त्याच्या सालीतून क्विनाईन मिळतं, जुन्या लोकांच्या तोंडचं ‘कोयनेल’. हिवतापावर तेव्हा दुसरं खात्रीचं औषध नव्हतं आणि हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचं. त्याच्या नावातही चूक आहे. १७४२ मध्ये लिनिअसने स्पेनमधल्या चिंचोनच्या काउंटेसवरून ते नाव दिलं आणि स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलं.

जावावर तेव्हा डचांचं राज्य होतं. त्यांनी हास्कार्ल या वनस्पतिशास्त्रज्ञाला पेरूला पाठवलं. तो खोट्या नावाने फिरला, बिया आणि रोपं मिळवली आणि १८५४ मध्ये जावाला पोचला. पुढे लागवड युंगहूनच्या हाती आली. आणलेल्या जातींपैकी एक जोमाने वाढायची, भरपूर बी धरायची. युंगहूनने तीच वाढवली. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला आकडा दहा लाखांच्या पुढे गेला.

पण ती हवी असलेली जातच नव्हती. सिंकोनाच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, त्यांच्यात संकरही सहज होतो. पानं बघून निवाडा करणं अवघड. लंडनच्या हॉवर्डने ही वेगळी जात असल्याचं ओळखलं आणि तिला डच गव्हर्नर जनरल पाहुडचं नाव दिलं: पाहुडियाना. द व्हरी या रसायनशास्त्रज्ञाने साल तपासली, तर क्विनाईन नावापुरतंच. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात ही खोड रोज दिसते: जे मोजायला सोपं, तेच मोजायचं. सालीतून क्विनाईन वेगळं काढण्याची पद्धत १८२० पासून माहीत होती, तरी जावात आधी रोपं मोजली गेली. १८६४ मध्ये युंगहून वारला आणि त्याच्या जागी आलेल्या फान गोर्कोमने नव्याने सुरुवात केली.

त्याच सुमारास बोलिव्हियात मान्युएल इंक्रा मामानी नावाचा आयमारा माणूस चांगल्या झाडांच्या बियांची वाट बघत होता. तो चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडे कामाला होता. साल काढण्याच्या धंद्यात मुरलेल्या मामानीला कुठलं झाड कसदार हे बघून कळायचं. लागोपाठ चार वर्षं थंडीने घात केला. शेवटी १८६५ मध्ये त्याने बिया लेजरच्या हाती दिल्या. लंडनमध्ये ब्रिटिश सरकारने त्या घेतल्या नाहीत. डचांनी त्यातला साधारण एक पौंड विकत घेतला आणि जावात पेरला.

या वेळी मात्र झाडांना विचारलं गेलं. १८७२ मध्ये मून्स या रसायनशास्त्रज्ञाने साल तपासली. काही झाडांत क्विनाईनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर निघालं. तरी एकाच पुडीतली सगळी झाडं सारखी नव्हती, म्हणून एकेक झाड तपासून निवड झाली. निवडलेली झाडं बाकीच्यांपासून दूर ठेवली, कारण शेजारच्या परागाने पुढचं बी पुन्हा बिघडलं असतं. नंतर तर बियांवरचा भरवसा सोडून कलमं बांधली गेली. १९३० च्या दशकात जगातलं ९० टक्क्यांहून जास्त क्विनाईन जावातून येत होतं. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं, तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला त्याची टंचाई जाणवली.

या कसदार जातीचं नाव आहे लेजेरियाना. मामानी पुन्हा बिया आणायला गेला, तेव्हा पकडला गेला. तुरुंगात त्याला मारहाण झाली आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला.

म्हणजे निरुपयोगी झाडाला गव्हर्नरचं नाव मिळालं आणि उपयोगी झाडाला व्यापाऱ्याचं. प्रयोगशाळेच्या आधी ज्याने ते झाड नुसतं बघून ओळखलं, त्याचं नाव कुठल्याच झाडाला मिळालं नाही. चुकीच्या चिठ्ठ्यांचा हिशेब करताना मला ही चिठ्ठी सगळ्यात चुकीची वाटते. बाकीच्या चुका सालीच्या तपासणीत सापडल्या. ही कुठल्याच तपासणीत सापडली नसती.