हार्टब्लीड : न मोजलेल्या मापाची गोष्ट

१/ इतिहासाच्या अभ्यासकाला घटनेचे वर्ष मिळाले तरी पुष्कळ वाटते. तिथी मिळाली तर भाग्य, प्रहर तर क्वचितच. या घटनेचा मात्र सेकंदही नोंदलेला आहे : ३१ डिसेंबर २०११, जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्रीचे २२ वाजून ५९ मिनिटे ५७ सेकंद. त्या क्षणी ‘ओपनएसएसएल’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही नव्या ओळींची भर पडली. त्या ओळींत एक तपासणी राहून गेली होती. ती राहिल्याचे जगाला कळायला सव्वादोन वर्षे लागली.

२/ ओपनएसएसएल ही एक ‘लायब्ररी’ आहे, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी आयता उचलून वापरावा असा तयार कोडचा संग्रह. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाची खूण दिसते, तेव्हा पलीकडच्या सर्व्हरवर कूटलेखनाचे काम बहुधा हीच लायब्ररी करत असे. २०१४ साली ‘अपाची’ आणि ‘एनजिनएक्स’ हे दोन वेब-सर्व्हर मिळून जगातील सुमारे दोन तृतीयांश चालू संकेतस्थळे सांभाळत होते आणि दोहोंचीही भिस्त सामान्यतः ओपनएसएसएलवर होती. बँका, इस्पितळे, सरकारी खाती यांचे व्यवहार तिच्या भरवशावर चालत. तिचे नाव मात्र सामान्य वापरकर्त्याच्या कानावरही आलेले नव्हते.

३/ या लायब्ररीचा जन्म समजून घ्यायचा तर १९९०च्या दशकातील अमेरिकी कायद्याकडे जावे लागते. नेटस्केप कंपनीने १९९५ साली ‘एसएसएल’ ही सुरक्षित संवादाची पद्धत लोकांसमोर आणली. परंतु अमेरिकेच्या लेखी भक्कम कूटलेखन हे १९९६ पर्यंत शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडत होते. त्याच्या निर्यातीवर निर्बंध होते. त्यामुळे परदेशी ग्राहकांना मिळणाऱ्या आवृत्तीत किल्लीची लांबी ४० बिटांपुरती मर्यादित ठेवली जाई. एवढी आखूड किल्ली फोडणे तेव्हाही शक्य होते.

४/ ही कोंडी अमेरिकेबाहेरच फुटू शकत होती. ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन यांनी १९९५च्या सुमारास एसएसएलची स्वतंत्र आवृत्ती लिहायला घेतली. तिचे नाव ‘एसएसएल-ईएवाय’. शेवटची तीन अक्षरे ही यंग यांच्या नावाची आद्याक्षरे. अमेरिकेत न लिहिल्यामुळे तिला तो निर्यातकायदा लागू नव्हता. कोड सर्वांना खुला होता आणि वापरायला पैसे पडत नव्हते. अमेरिकेबाहेरच्या प्रोग्रॅमरांना भक्कम कूटलेखन हाताशी आले.

५/ १९९८च्या अखेरीस हे दोघे ‘आरएसए’ कंपनीच्या सेवेत गेले आणि एसएसएल-ईएवायचे काम थांबले. तो कोड वाऱ्यावर पडू नये म्हणून काही प्रोग्रॅमरांनी तो हाती घेतला आणि डिसेंबर १९९८ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या नावाने पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या प्रकल्पाच्या पाठीशी ना कोणते विद्यापीठ होते, ना कंपनी, ना सरकार. ज्यांना जमेल त्यांनी, जमेल तेव्हा काम करावे, एवढीच त्याची घटना होती.

६/ त्या काळात मुक्तस्रोत चळवळीचा एक लाडका सिद्धान्त होता : कोड सर्वांसमोर खुला असेल तर इतके डोळे त्यावरून फिरतील की कोणताही दोष फार काळ लपणार नाही. सिद्धान्त चुकीचा नव्हता, पण त्यात एक गृहीतक दडलेले होते. कोड पाहता येणे आणि कोणीतरी तो प्रत्यक्ष पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओपनएसएसएलचा कोड तर लाखो ओळींचा, जुन्या यंत्रांसाठी घातलेल्या ठिगळांनी भरलेला आणि वाचायला अवघड म्हणून बदनाम होता. वापरणारे अगणित होते. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

७/ पहिला इशारा २००८ साली मिळाला. ‘डेबियन’ ही लिनक्सची एक प्रतिष्ठित आवृत्ती. २००६ मध्ये तिच्या एका स्वयंसेवकाला दोष शोधणारे साधन ओपनएसएसएलमधील दोन ओळींबद्दल वारंवार सूचना देत होते. त्याने विकसकांना विचारणा केली. दोष शोधायला मदत होत असेल तर त्या काढाव्यात, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ओळी काढल्या गेल्या. सूचना थांबल्या. पण त्यांपैकी एक ओळ यादृच्छिकतेचा कणा होती.

८/ कूटलेखनाची किल्ली कोणालाही अंदाज करता येणार नाही अशा संख्येतून घडवावी लागते. ती ओळ गेल्यावर त्या संख्येचा एकमेव आधार उरला तो चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ प्रकारचा असू शकत होता. एवढ्या शक्यता तपासायला साध्या संगणकालाही फार वेळ लागत नाही. सप्टेंबर २००६ ते मे २००८ या काळात डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या. गाजावाजा झाला, दुरुस्ती झाली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. या लायब्ररीची देखभाल कोण करते, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही.

९/ आता त्या ३१ डिसेंबरच्या नोंदीकडे वळू. दोन संगणकांमधील सुरक्षित जोडणी शांत असेल तर पलीकडचा अजून जागा आहे की नाही, हे तपासण्यासाठी ‘हार्टबीट’ नावाची सोय सुचवली गेली. एकाने छोटासा मजकूर पाठवायचा, दुसऱ्याने तोच जसाच्या तसा परत करायचा. जर्मनीत पीएचडी करणारे रॉबिन सेगलमन हे या सोयीच्या मसुद्याचे एक लेखक. ओपनएसएसएलसाठी तिचा कोडही त्यांनीच लिहून दिला. इंग्लंडमधील स्टीफन हेन्सन यांनी तो तपासला आणि मुख्य संग्रहात घेतला. १४ मार्च २०१२ रोजी तो १.०.१ या आवृत्तीतून जगभर पोहोचला.

१०/ चूक काय होती, हे समजण्यासाठी गडावरच्या अंबारखान्याची कल्पना करावी. एक माणूस पसाभर धान्य घेऊन येतो आणि सोबत चिठ्ठी देतो : ‘आणलेले धान्य परत द्यावे, माप एक खंडी.’ कोठावळा ते पसाभर धान्य राशीवर ओततो, चिठ्ठी वाचतो आणि राशीतून खंडीभर मोजून देतो. आणले किती, हे तो पाहतच नाही. ओपनएसएसएलने नेमके हेच केले. पाठवलेल्या मजकुराची लांबी पाठवणाराच सांगत असे. एक अक्षर पाठवून ‘चौसष्ट हजार’ म्हटले, तर सर्व्हर आपल्या मेमरीतील लगतचा तेवढा मजकूर मुकाट्याने परत देई.

११/ लांबी लिहायला दोन बाइटांची जागा होती, म्हणून एका खेपेस जास्तीत जास्त सुमारे ६४ किलोबाइट हाती लागत. परंतु खेपांना मर्यादा नव्हती. मेमरीच्या त्या तुकड्यांत कधी निरुपयोगी कचरा येई. कधी दुसऱ्या कोणाचा पासवर्ड, कधी पत्राचा मजकूर, तर कधी खुद्द सर्व्हरची गुप्त किल्ली. नेहमीच्या नोंदवहीत या चोरीचा मागमूसही राहत नसे. त्यामुळे सव्वादोन वर्षांत हे दार कोणी कोणी वापरले, याचा पूर्ण हिशेब लागणे शक्य नाही. चुकीचा सेकंद ठाऊक आहे, तिच्या परिणामांची नोंद नाही.

१२/ २०१४ साली गूगलचे नील मेहता आणि फिनलंडमधील ‘कोडेनॉमिकॉन’ कंपनीचे अभियंते हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्या दोषापर्यंत पोहोचले. ७ एप्रिलला तो जाहीर झाला आणि त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती आली. दुरुस्तीचा गाभा एवढाच, की सांगितलेली लांबी आलेल्या मजकुराशी ताडून पाहावी. ‘हार्टबीट’वरून दोषाला नाव पडले ‘हार्टब्लीड’, आणि सोबत रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचे चित्र आले. तांत्रिक दोषाला नाव, बोधचिन्ह आणि वर्तमानपत्राचे पहिले पान मिळण्याची प्रथा खऱ्या अर्थाने येथून रुजली.

१३/ ‘नेटक्राफ्ट’च्या अंदाजानुसार विश्वासार्ह प्रमाणपत्र असलेल्या सुरक्षित संकेतस्थळांपैकी १७.५ टक्के, म्हणजे सुमारे पाच लाख, या दोषाच्या तावडीत होती. कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले. ऐन विवरणपत्रांच्या हंगामात खात्याला ऑनलाइन सेवा बंद ठेवावी लागली आणि मुदत ३० एप्रिलवरून ५ मेपर्यंत वाढवावी लागली. गुप्त किल्ली खरोखर बाहेर येऊ शकते का, हे पाहण्यासाठी ‘क्लाउडफ्लेअर’ने मुद्दाम एक सदोष सर्व्हर खुला ठेवून आव्हान दिले. त्याच दिवशी ती किल्ली बाहेर आली.

१४/ मग सर्वांनी विचारले : एवढी मोठी जबाबदारी सांभाळणारे आहेत तरी कोण? उत्तर ऐकून अनेकांना मूळ दोषापेक्षा मोठा धक्का बसला. पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक, स्टीफन हेन्सन. प्रकल्पाचा आर्थिक व्यवहार पाहणारे स्टीव्ह मार्क्वेस यांनी सांगितले, की देणग्यांतून वर्षाकाठी साधारण २,००० डॉलर येतात. बाकी गुजराण सल्लागारीच्या फुटकळ कंत्राटांवर. दोष उघड झाल्यावर आठवडाभरात लोकांनी सुमारे ९,००० डॉलर पाठवले. दोष शोधल्याबद्दल मेहता यांना मिळालेले बक्षीस मात्र १५,००० डॉलरचे होते. ते त्यांनी वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. दोष शोधण्याचे मोल बाजाराला कळले होते. दोष होऊ नये म्हणून रोज खपणाऱ्याचे मोल अजून ठरलेलेच नव्हते.

१५/ यानंतर चक्रे फिरली. ‘ओपनबीएसडी’च्या मंडळींनी कोडची वेगळी शाखा काढून ‘लिब्रेएसएसएल’ सुरू केली आणि जुना गाळ उपसायला घेतला. पहिल्या आठवड्यातच सुमारे ९०,००० ओळी काढून टाकल्या. गूगलने जूनमध्ये आपली ‘बोरिंगएसएसएल’ जाहीर केली. २४ एप्रिल २०१४ रोजी लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभारण्याची योजना मांडली. त्यात गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अ‍ॅमेझॉन, आयबीएम, इंटेल अशी नावे होती. त्या निधीतून ओपनएसएसएलला दोन पूर्णवेळ विकसक मिळाले.

१६/ पगारी डोळे कोडवरून फिरू लागले, बाहेरच्या संशोधकांचेही लक्ष वळले, तशी जुनी भुतेही बाहेर आली. मार्च २०१५ मध्ये ‘फ्रीक’ नावाचा दोष उघड झाला. निर्यातकायद्याच्या काळातील दुबळ्या किल्ल्यांची सोय कोडमध्ये तशीच पडून होती आणि जोडणीच्या मध्ये शिरणारा हल्लेखोर दोन्ही बाजूंना फसवून ती वापरायला लावू शकत होता. ५१२ बिटांची ती किल्ली आता भाड्याच्या संगणकांवर सुमारे १०० डॉलरांत आणि काही तासांत फुटत होती. २००० साली निर्बंध सैल होऊनही कायद्याचे अवशेष पंधरा वर्षे कोडमध्ये जिवंत राहिले होते. कायदा रद्द करता येतो. त्याने घडवलेल्या वस्तू आपोआप नाहीशा होत नाहीत.

१७/ या घटनेचे कारण कोणते मानावे? सेगलमन यांनी चूक मान्य केली. तपासताना ती हेन्सन यांच्याही नजरेतून सुटली. तेवढ्यावर थांबले तर तो इतिहास न होता पंचनामा होतो. एका तपासणीचे विस्मरण ही रोज, सर्वत्र घडणारी गोष्ट आहे. असाधारण होती ती परिस्थिती : विसरणाऱ्याच्या मागे तपासणारा एकच, त्याच्या मागे कोणीही नाही, आणि पुढे दोन तृतीयांश जग. तारीख-वेळ सांगणारे अस्सल साधन हाती असले तरी ते ‘केव्हा’ आणि ‘कोणी’ एवढेच सांगते. ‘का’चे उत्तर जमाखर्चात सापडते, त्या २,००० डॉलरांच्या ओळीत.

१८/ हा धडा पचला असता तर २०२४ टळले असते. त्या वर्षीच्या मार्चअखेर ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. हे साधन एकटा, थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. ‘मदतीला’ आलेल्या टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास मिळवला आणि मग डाव साधला. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला, म्हणून अनर्थ टळला. २०११ मध्ये चूक नकळत आत शिरली होती. या वेळी घात जाणूनबुजून शिरला. वाट एकच होती : एकटा पडलेला राखणदार.

१९/ गावची बारव सारेच वापरतात. पाणी भरण्याची पाळी ठरलेली असते, तसे गाळ उपसण्याचेही ठरलेले असावे लागते. नाहीतर एखादा भला माणूस उतरून उपसत राहतो आणि तो थकेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ओपनएसएसएल आजही आहे, पूर्वीपेक्षा सुस्थितीत आहे. पण तिच्यासारख्या हजारो लहान लायब्रऱ्यांवर हे जग उभे आहे आणि त्यांपैकी कितींच्या बारवेत या क्षणी एकच माणूस उतरलेला आहे, हे पाणी भरणाऱ्यांना ठाऊक नाही.

(थ्रेड समाप्त)