दार अडते ते कुणामुळे?

लहान मुलांच्या संगोपनात वडिलांचा हात किती, हे जाणून घ्यायला अमेरिकेतले संशोधक बराच काळ आईलाच प्रश्न विचारत. रॉबर्ट सीअर्स, एलेनॉर मॅकोबी आणि हॅरी लेव्हिन यांचा १९५७ सालचा गाजलेला अभ्यास बोस्टनजवळच्या दोन उपनगरांतल्या ३७९ आयांच्या मुलाखतींवर उभा होता. घरातल्या वडिलांची माहितीही त्यांत आयांच्याच तोंडून आली. पुढे १९७५मध्ये मायकेल लॅम्ब यांनी वडील हे बालविकासातले विसरलेले भागीदार आहेत असे ठणकावून सांगितले. १९८५मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वडिलांच्या सहभागाचे तीन भाग पाडले: मुलाशी प्रत्यक्ष गुंतणे, हाकेच्या अंतरावर असणे आणि जबाबदारी वाहणे. जबाबदारी म्हणजे डॉक्टरची वेळ लक्षात ठेवणे, मूल आजारी पडले तर घरी कोण थांबणार हे ठरवणे. हा तिसरा भाग मोजायला सर्वांत अवघड. आईचा वडिलांवर काय परिणाम होतो हा प्रश्न सुटायचा तर तो याच भागापाशी सुटेल, असे मला वाटते. या मोजमापाचा गेल्या काही दशकांचा इतिहास हेच दाखवतो.

वडिलांना मुलापर्यंत किती पोचू द्यायचे हे आई ठरवते, म्हणून तिला दारावरची राखणदार मानतात. ही कल्पना मात्र संगोपनातून आलेली नाही, ती आली स्वयंपाकघरातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारला लोकांच्या खाण्याच्या सवयी बदलायच्या होत्या. जनावरांचे हृदय, मूत्रपिंड असे कमी पसंतीचे मांस घराघरांत शिजावे, हा त्यातला एक भाग. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड या कामासाठीच्या ज्या समितीच्या सचिव होत्या तिच्यासाठी आयोवात काम करताना मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी दाखवले की अन्न घरात येते ते गृहिणीच्या हातून. दारावर ती उभी आहे. त्यांच्या प्रयोगात नुसते व्याख्यान ऐकलेल्या बायकांपैकी ३ टक्क्यांनी ते मांस नंतर घरी केले, तर आपसात चर्चा करून निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. पण लेविन यांचा भर राखणदाराच्या स्वभावावर नव्हता. पैसा, घरच्यांची आवड, चारचौघांतली प्रतिष्ठा असे कोणते दाब तिच्यावर काम करतात, हे ते शोधत होते. पन्नासेक वर्षांनी ही कल्पना बापपणाच्या अभ्यासात रुळली, तेव्हा राखणदार आली, दाब मात्र मागे राहिले.

१९९९मध्ये सारा अ‍ॅलन आणि अ‍ॅलन हॉकिन्स यांनी नवराबायको दोघेही कमावते असलेल्या घरांतल्या ६२२ आयांकडून प्रश्नावली भरून घेतली. कामाचे निकष आपणच ठरवावेत असे वाटणे, चांगली आई ही ओळख घरकामातून मिळणे आणि बायका-पुरुषांची कामे वेगळी मानणे, या तीन बाबी त्यांनी मोजल्या. २१ टक्के आया ‘राखणदार’ ठरल्या आणि त्या इतरांपेक्षा घरची कामे आठवड्याला सुमारे पाच तास जास्त करत होत्या. आकडा बोलका आहे. तरी पाच तास जास्त काम असल्यामुळे निकष आपल्या हाती ठेवावेसे वाटतात, की निकष हाती ठेवल्यामुळे काम वाढते, हे एकाच वेळी भरलेली प्रश्नावली सांगू शकत नाही. शिवाय या मापात दार फक्त बंद होऊ शकत होते. सारा शॉपी-सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये तान्ह्या बाळांच्या ९७ जोडप्यांचा अभ्यास केला, त्यात आईच्या टीकेसोबत तिने दिलेले प्रोत्साहनही मोजले आणि त्याचा वडिलांच्या सहभागाशी संबंध दिसला. २०१३मध्ये पुलमन आणि पॅस्ली यांनी नियंत्रण, प्रोत्साहन आणि परावृत्त करणे या तीन वेगळ्या मिती मांडल्या. आईचा प्रभाव दोन्ही दिशांनी जातो हे मान्य व्हायला इतका काळ जावा, याची मला खंत वाटते.

यावर एक रास्त आक्षेप असा की आई दार लावते कारण वडील खरोखरच बेफिकीर असतात. हा आक्षेप तपासायला काळाच्या ओघात माप घ्यावे लागते. शॉपी-सुलिव्हन यांच्या गटाने ते घेतले: बाळ तीन महिन्यांचे असताना आईने दार लावले असेल, तर नवव्या महिन्यापर्यंत वडिलांच्या वागण्याचा दर्जा घसरलेला दिसला, उलट दिशेचा दुवा मात्र सापडला नाही. म्हणजे आईचा प्रभाव खरा आहे. मग दोष तिचाच, असे म्हणणारे इथे थांबतात. त्यांनी याच गटाचा २०१५चा निष्कर्ष वाचावा. दार कोणत्या आया लावतात याचा सुगावा पारंपरिक विचारसरणीपेक्षा त्यांच्या मनःस्वास्थ्यातून आणि जोडीदाराकडून असलेल्या परिपूर्णतेच्या अपेक्षेतून अधिक लागला. मुलाचे काही बिघडले तर बोल आपल्यालाच लागणार हे जिला पक्के ठाऊक आहे, ती चूक खपवून घेईलच कशी? लेविन ज्यांना दाब म्हणत होते, ते हेच. दाब बदलले की काय होते ते पाहा: नॉर्वेने १९९३मध्ये चार आठवड्यांची रजा फक्त वडिलांसाठी राखून ठेवली. त्याआधी शंभरात पाच वडीलही रजा घेत नव्हते. दशक सरेपर्यंत बहुसंख्य घेऊ लागले. एवढ्या थोड्या वर्षांत आयांचे स्वभाव बदलत नसतात.

हे माप जसेच्या तसे मराठी घरांना लावता येणार नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तिथे बाळाला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळे आजीच्या हाती, आणि बाबा येतात ते पाहुण्यासारखे; सासरी परतल्यावर सासूचा शब्द. दारावर इथे एकापेक्षा जास्त बायका उभ्या आहेत, आणि नवराबायकोपुरतीच पाहणारी प्रश्नावली त्या सगळ्यांचे वजन एकट्या आईच्या नावे टाकील. शिवाय कायद्याचा दाबही मोजायला हवा. भारताच्या प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांना १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी त्या दुरुस्तीत एकाही दिवसाची तरतूद केली गेली नाही.