दारुड्या आजोबाचा तिसरा सिझन

आमच्या झाडीपट्टीत ‘सिझन’ हा शब्द मोबाईलच्या कितीतरी आधी आला. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत मंचावर भाऊ भांडतात, सासू-सुना भांडतात, अधूनमधून विनोदी नट येऊन सगळ्यांना हसवून जातो. याला सिझन म्हणतात. आता शाळेतली मोठी पोरं ‘सिझन थ्री’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात ‘रिक अँड मॉर्टी’ नावाचं अमेरिकन कार्टून असतं. ते मोठ्यांसाठीचं आहे, शिवीगाळ आणि रक्तपात भरपूर आहे, पोरांनी बघावं असं माझं मुळीच मत नाही. पण हा तिसरा सिझन मी पूर्ण पाहिला, आणि त्यात आपल्याच ओळखीचा एक माणूस सापडला. घरातला दारुडा. ज्याला बघून बाहेरचे हसतात तो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिक हा म्हातारा शास्त्रज्ञ, विश्वात त्याच्याइतकं हुशार कोणी नाही. लेकीच्या घरी राहतो, गॅरेजमध्ये यंत्रं बनवतो, नातू मॉर्टीला घेऊन परग्रहांवर भटकतो. कोटाच्या खिशात दारूची चपटी बाटली, बोलताना वाक्यावाक्याला ढेकर. कार्टून 2013 च्या डिसेंबरात सुरू झालं, तिसरा सिझन 2017 साली आला, दहा भागांचा. पहिल्याच भागात जावई बायकोला म्हणतो, एक तर तुझा बाप नाही तर मी. लेक बापाला निवडते आणि घर मोडतं. पुढचे भाग परग्रहांवर घडत असले तरी सगळे त्या मोडलेल्या घराबद्दलच आहेत.

त्यातला तिसरा भाग सर्वांत गाजला, 2018 साली त्याला एमी पुरस्कार मिळाला. मुलांच्या शाळेच्या सांगण्यावरून घरच्यांना समुपदेशकाकडे जायचं असतं. ते टाळण्यासाठी हा महाबुद्धिमान आजोबा स्वतःला लोणच्यातली काकडी करून घेतो. मग गटारात पडतो, उंदरांशी लढतो, त्यांच्याच हाडामांसाचे हातपाय जोडून बाहेर निघतो. शेवटी समुपदेशक बाई त्याला शांतपणे ऐकवते, की तू आपल्या हुशारीचा वापर आपल्या आजाराचं समर्थन करायला करतोस. परतीच्या वाटेवर गाडीत नातवंडं मागून विचारतात, आपण पुन्हा त्या बाईंकडे जायचं का? पुढे बसलेले आई आणि आजोबा ऐकलं न ऐकल्यासारखं करतात. दोघं प्यायला कुठं जायचं ते ठरवत असतात.

मराठी वाचकाला इथे राम गणेश गडकरी आठवणारच. ‘एकच प्याला’ 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी आपल्या विदर्भातल्याच सावनेरला वारले होते, स्वतःचं हे नाटक त्यांना मंचावर पाहता आलं नाही. सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, मानी आहे. सनद काही काळासाठी रद्द होते, अपमान सहन होत नाही, आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. हा तळीराम आणि त्याचं ‘आर्य मदिरा मंडळ’ म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या विनोदाचा कळस. प्रेक्षक पोट धरून हसतो. पुढच्याच प्रवेशात सिंधू, म्हणजे बालगंधर्व, दळण दळताना दिसते आणि हसणं घशात अडकतं. शेवटी मूल जातं, सिंधू जाते, सुधाकर जातो. गडकऱ्यांनी तळीरामालासुद्धा बायको दिली आहे, गीता. मला ही या नाटकातली फार मोठी गोष्ट वाटते. विनोदी दारुड्याला सहसा घर नसतं. गडकऱ्यांनी त्याला घर दिलं आणि त्या घरात एक बाई उभी केली.

उर्दू शिकवताना हे जास्तच जाणवतं. गझलेत रिंद आहे, साकी आहे, मैखाना आहे, उपदेश करणारा वाइज़ आहे आणि त्याची यथेच्छ टिंगल आहे. रिंदाची बायको मात्र कुठे नाही. अर्थात गझलेतली शराब बहुतेक वेळा रूपकच असते. रियाज़ ख़ैराबादींनी जन्मभर शराबेवर शेर लिहिले आणि ते स्वतः प्यायचे नाहीत असं सांगतात. पडद्यावरचा सर्वांत लाडका दारुडा जॉनी वॉकर, म्हणजे मुंबईत बस कंडक्टर असलेले बदरुद्दीन काझी, हेही दारूला न शिवणारे. पण मिर्झा ग़ालिब खरोखर प्यायचे. त्यांची पत्नी उमराव बेगम नमाज़-रोज़ा पाळणारी. हालींनी ‘यादगार-ए-ग़ालिब’मध्ये लिहून ठेवलं आहे, की बेगमने आपली खाण्यापिण्याची भांडी वेगळी केली होती. ग़ालिबच्या विनोदी गोष्टी आपण मुशायऱ्यांतून ऐकतो आणि दाद देतो. त्या वेगळ्या ठेवलेल्या भांड्यांवर कुणी शेर लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

आमच्या दोन जिल्ह्यांत मात्र या बायकांनीच इतिहास घडवला. 1982 साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. 1986 पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ तिथे काम करू लागली. आरोग्याच्या प्रश्नांबरोबर गावच्या बाया दारूचा प्रश्न मांडू लागल्या आणि त्यातून उभ्या राहिलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीमुळे 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मोहाच्या दारूला गोंडांच्या देवाधर्मात, लग्नकार्यात, मयतीत जागा आहे. ठेकेदाराची बाटली ही वेगळी चीज आहे, आणि बायांचा राग तिच्यावर होता. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वाखाली 2010 च्या डिसेंबरात बाया चिमूरहून निघून पायी नागपूरला, थेट हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. थंडीचे दिवस, धानाचं काम सोडून निघालेल्या. ग्रामपंचायतींमागून ग्रामपंचायतींनी ठराव केले. एखादं दुकान बंद करायला मतदान होतं तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. हसू येतं खरं, पण अक्षर न येणाऱ्या बाईलाही ते चित्र बरोबर वाचता येतं. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

आता कार्टूनचा चौथा भाग बघा. विश्वाचं रक्षण करणारे काही महानायक असतात, मॉर्टी त्यांचा भक्त. आदल्या रात्री प्यायलेल्या रिकने जळफळाट होऊन त्यांच्यासाठी जीवघेणे सापळे रचलेले असतात. सकाळी त्याला स्वतःला काही आठवत नाही. महानायक एकेक करून मरतात, आणि कोडी सोडवतो तो चौदा वर्षांचा मॉर्टी. त्याच्याकडे कुठलीच शक्ती नाही. आजोबा प्यायल्यावर काय बोलतात, कशावर चिडतात, कशावर रडतात, हे त्याला पाठ आहे, एवढंच. कार्टूनवाल्यांनी हा प्रसंग विनोदी म्हणून लिहिला आहे आणि तो आहेही विनोदी. पण दरवाजा वाजल्यावर पावलांच्या आवाजावरून आज घरात काय होणार हे ओळखणारी मुलं आमच्या वर्गांत बसतात. मास्तरचा मूड ती सगळ्यांत आधी ओळखतात.

गडकऱ्यांनी सुधाकराला वाचवलं नाही. कार्टूनला ते परवडत नाही, पुढचा सिझन काढायचा असतो. दहाव्या भागात लेक-जावई पुन्हा एक होतात, घरात आजोबाचा शब्द चालेनासा होतो, पण खिशातली बाटली तशीच राहते.

चंद्रपूरची बंदी 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने उठवली. चोरटी दारू आणि गुन्हेगारी वाढली हे कारण दिलं. चोरटी दारू होती, हे इथे राहणारा कोणी नाकारणार नाही. पण पायी नागपूरला गेलेल्या बाया चोरट्या दारूचा बंदोबस्त मागत होत्या, दुकान परत मागत नव्हत्या. गडचिरोलीत बंदी अजून आहे, 2016 पासून ‘मुक्तिपथ’चे लोक गावोगाव फिरतात. मधे वैनगंगा. व्याहाडकडून गडचिरोलीला जाताना पूल लागतो. अलीकडे उभी बाटली, पलीकडे आडवी. सिझन सुरू झाला की नाटकांच्या गाड्या याच पुलावरून दोन्हीकडे जातात.