शापोरेपलीकडचे फ्रँको

धारगळहून दक्षिणेस निघाले की महामार्ग शापोरा नदीवरील पुलावरून जातो आणि पलीकडच्या तीरावर कोलवाळ लागते. आज हे अंतर चार-दोन मिनिटांचे आहे. परंतु बारदेश पोर्तुगीजांकडे गेला तो १५४३ साली, आणि पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून त्यांच्या हाती आला तो १७८८ साली. मधली सुमारे अडीचशे वर्षे ही नदी दोन राज्यांची सीमा होती. नदी ओलांडली की कायदा बदलतो, हे आपल्या लोकांना पुस्तकावरून शिकावे लागले नाही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्व्यास गेला, तोही पाणी ओलांडूनच. तेव्हा 'परदेश' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या भागातील माणसाने विचारावा, यात नवल नाही. तो येथे एका फुटबॉलपटूच्या निमित्ताने विचारावयाचा आहे.

गोमंतकात फुटबॉल आला तो १८८३ साली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रकृतीस उतार पडावा म्हणून शिवोलीस आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नामक इंग्रज धर्मगुरूंनी तो आणला. शिवोलीही शापोरेच्याच काठी, पण अलीकडे पेडणे. चेंडू इतक्या जवळ येऊनही पुष्कळ वर्षे नदीपार झाला नाही. चर्चपुढील मोकळी पटांगणे आणि चर्चच्या शाळा हे त्याचे घर होते. आमच्या देवळांची प्रांगणे दशावतारात आणि नाटकांत रमलेली होती. पुढे ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचा गोल राखला आणि संघाचे नेतृत्वही केले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना हा खेळ एकाएकी आपलासा वाटू लागला. असो.

फोर्तुनातो फ्रँको हे कोलवाळचे. लहानपणीच ते मुंबईस गेले, तेथेच खेळ शिकले, पश्चिम रेल्वेकडून आणि मग टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. काटेकोर बोलायचे तर ते हाफबॅक होते. त्या काळच्या मांडणीत गोलरक्षकापुढे तिघे बचावपटू आणि त्यांच्यापुढे दोन हाफबॅक असत. प्रतिपक्षाच्या आक्रमणाची पहिली धडक या दोघांनी सोसायची, चेंडू हिसकावून घ्यायचा आणि स्वतः गोल करण्याचा मोह आवरून तो पुढच्यांच्या पायांत द्यायचा. वर्तमानपत्रांत नावे छापून येत ती चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम या पुढच्या फळीतल्यांची. हाफबॅकचे काम कज्जातील कागदपत्रे जुळविणाऱ्या वकिलासारखे: न्यायालयात बोलतो दुसराच, पण कागद नसले तर त्याला बोलता यायचे नाही.

१९६० साली रोम येथील ऑलिंपिकसाठी भारताच्या पथकात फ्रँको यांची निवड झाली. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वेळी कोलवाळावर पोर्तुगालचा ध्वज होता. पोर्तुगीज सरकारने १९५१ साली घटनेत फेरफार करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले होते. त्या हिशेबाने कोलवाळ हा पोर्तुगालचाच एक तुकडा आणि तेथे जन्मलेले मूल पोर्तुगीज. मग भारताच्या पथकात त्याचे स्थान कोणत्या आधारावर? आपल्या राज्यघटनेचे पाचवे कलम अशा लोकांसाठी दार उघडे ठेवते. २६ जानेवारी १९५० पूर्वीची सलग पाच वर्षे ज्याचे सर्वसाधारण वास्तव्य भारतात होते आणि ज्याचा अधिवास येथे होता, तो जन्माने कुठलाही असला तरी भारताचा नागरिक. मुंबईच्या धोबीतलावावरील कुडांत राहणारे बारदेशकर असोत की गिरगावच्या चाळींतले पेडणेकर, हजारो गोमंतकीय याच तरतुदीच्या आश्रयाने दोन राज्यांच्या मध्ये नांदत होते. एका राज्याच्या दृष्टीने ते परदेशी गेलेले प्रजाजन, दुसऱ्याच्या दृष्टीने घरचे नागरिक. मूळचेच गोमंतकीय असलेले नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तेव्हाही गोव्यात हीच स्थिती होती.

उलट बाजूचे चित्र पाहिले म्हणजे गंमत कळते. मोझांबिकच्या लोरेन्सु मार्किश शहरात जन्मलेला इलारियु १९५८ पासून लिस्बनच्या स्पोर्टिंग संघात डाव्या बगलेचा बचावपटू म्हणून खेळला. त्याच शहरातला विसेंत बेलेनेन्सिस संघाच्या बचावफळीत उभा राहिला. १९६६ च्या विश्वचषकात पेलेला रोखून धरणारा तो हाच. घर सोडून हजारो कोस दूर गेलेले हे दोघे कायद्याच्या लेखी मात्र मायदेशीच खेळत होते. त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या पोर्तुगालच्या संघात गोमंतकीय एकही नव्हता. पणजीहून लिस्बन कित्येक आठवड्यांच्या जलप्रवासाचे, आणि मुंबई एका रात्रीच्या आगबोटीवर. पोटाला लागलेला माणस जवळचा परदेश निवडतो, दूरचा स्वदेश नव्हे.

पोटाचा प्रश्न निघालाच आहे, तर 'धंदेवाईक' या शब्दाचाही खुलासा करावयास हवा. ऑलिंपिकला हौशी खेळाडूच चालत. म्हणून रेल्वे, टाटा, कॅल्टेक्स अशा संस्था खेळाडूला कारकुनाची वा कामगाराची नोकरी देत. हजेरीपटावर नाव, महिन्याला पगार, आणि हंगामात कचेरीपेक्षा मैदानावर अधिक वेळ. करारनाम्यात फुटबॉलचा उल्लेखही नसे. माझ्या मते ती व्यवस्था ढोंगी होती खरी, पण आजच्या कोट्यवधींच्या करारांपेक्षा एका बाबतीत दयाळू होती: पाय मोडला तरी नोकरी सहसा मोडत नसे.

१९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही पेडण्याच्या हद्दीत पत्रादेवीपाशी शिरले आणि त्यांच्यावर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवी धारगळपासून काही फार दूर नाही. त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली. आगगाडी थांबली, आगबोट थांबली. मुंबईतल्या गोमंतकीयाला गणपतीला वा फेस्ताला गावी जाणे म्हणजे परवान्यांची यातायात झाली. आजवर केवळ कागदावर असलेला परदेश त्या वर्षी खरोखरीचा परदेश बनला, आणि तो होता स्वतःचाच गाव.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश निघाला आणि येथे जन्मलेले, किंवा ज्यांचे आईबाप वा आजेआजोबा येथे जन्मलेले, असे सारे २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक ठरले. ज्यांना ते नको होते त्यांना तसे लेखी कळविण्यास एक महिना दिला होता.

त्याच वर्षी, ४ सप्टेंबरला, जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना झाला. इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतल्यामुळे सारे शहर भारतावर खवळलेले होते. मैदानातील प्रचंड जनसमुदाय भारतीयांची हुर्यो उडवीत होता. ज्या दक्षिण कोरियाने पहिल्याच सामन्यात आपल्याला २-० असे हरविले होते, तोच संघ पुढ्यात. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंग या कसलेल्या बचावपटूला आघाडीला पाठविले. बॅनर्जी आणि जर्नैल यांनी प्रत्येकी एक गोल केला. भारत २-१ असा जिंकला. मधल्या फळीत फ्रँको होते. त्या सुवर्णविजेत्या संघातले ते एकमेव गोमंतकीय. नऊ महिन्यांपूर्वी त्यांच्या गावावर दुसरा ध्वज होता, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल?

पुढे १९६४ साली संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघातही ते होते. गोव्याच्या नव्हे, महाराष्ट्राच्या. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कारकीर्द लवकर संपली.

याच्या नेमके उलट उदाहरण आम्हा वकिलांच्या परिचयाचे आहे. फादर मोंतेरो यांनी त्या एका महिन्याच्या मुदतीत पोर्तुगीज नागरिकत्व राखले; निवास-परवान्याची मुदत संपल्यावरही ते येथेच राहिले आणि परकीय व्यक्तीविषयक कायद्याखाली दोषी ठरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. हा गृहस्थ पाऊलही न हलविता परदेशी झाला. फ्रँको यांनी बालपणीच गाव सोडला आणि ते स्वदेशी ठरले.

फ्रँको १० मे २०२१ रोजी वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंदीगडचा संदेश झिंगन हा भारताचा मध्यरक्षक क्रोएशियातील शिबेनिक संघात दाखल झाला. या खेपेस परदेश निःसंदिग्ध होता: पारपत्र, परवाना, करार, सारे यथास्थित. पण पायाच्या दुखापतीमुळे एकही सामना न खेळता २०२२ च्या जानेवारीत त्याला परतावे लागले, आणि २०२३ साली तो एफ. सी. गोवा संघात आला. गोमंतकीय रोमिओ फर्नांडिस याने २०१५ मध्ये ब्राझीलच्या आत्लेतिको परानायेन्से संघाकडून खेळून पाहिले होते. तो मात्र आघाडीचा.

आज धारगळजवळच्या मोपाच्या पठारावरून विमाने उडतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांची जन्मनोंद लिस्बनमध्ये करून घेऊन त्यांच्या मुलानातवंडांनी पोर्तुगीज पारपत्र काढणे हा आता गावोगावचा परिपाठ झाला आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला त्या पारपत्रावर युरोपातले दार सहज उघडते. परंतु नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परके नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व जाते, आणि २००८ पासूनच्या सरकारी धोरणाप्रमाणे भारताच्या संघात भारतीय पारपत्रधारकच घेतला जातो. ज्या पाचव्या कलमाच्या आधाराने बारदेशातल्या पोरांना दोन्ही तीरांवर पाय ठेवता आले, ते कलम १९५० च्या त्या एका दिवसापुरतेच लिहिलेले होते.