बेहिस्तूनच्या कड्यावर

मान वर करा. अजून थोडी. इसवी सनपूर्व 519 साल चालू आहे आणि बाबिलोनहून एकबतानाकडे, म्हणजे आजच्या हमदानकडे, जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही उभे आहात. समोर बेहिस्तूनचा डोंगर, पायथ्याशी झरा. कारवाँ इथे उंटांना पाणी पाजायला थांबतात. साठ मीटरहून जास्त उंचीवर उभ्या कातळात माणसांची रांग कोरलेली दिसते. त्या माणसांच्या आजूबाजूचा मजकूर मात्र इथून एक अक्षरही वाचता येत नाही.

म्हणून वर चला. पाय ठेवण्यापुरती अरुंद कपार आहे, भिंतीला पाठ लावून सरका.

हा राजा दारयवहुश, ग्रीकांचा डेरियस. हातात धनुष्य, डावा पाय गौमाता नावाच्या, सिंहासनावर खोटा दावा सांगणाऱ्या माणसाच्या छातीवर. त्याची दाढी जवळून पाहा. ती वेगळ्या दगडाची आहे, लोखंडी खिळ्यांनी बसवलेली. त्याच्यासमोर हात मागे बांधलेले, गळ्यात एकच दोर असलेले बंडखोर राजे. प्रत्येकाचं नाव आणि त्याने काय खोटा दावा केला, ते दगडात लिहिलंय.

आता उजवीकडे वळा. तिथे छिन्नी चालू आहे, पण अक्षरं कोरण्यासाठी नव्हे, तर आधी कोरलेली अक्षरं काढण्यासाठी. शकांचा राजा स्कुंखा नुकताच हरलाय. रांगेत त्यालाही उभं करायचंय आणि जागा उरलेली नाही. त्यामुळे एलामी भाषेतला पूर्ण झालेला लेख फोडून त्याची आकृती बसवली जात आहे. टोकदार उंच टोपीचा आकार दगडातून हळूहळू वर येतोय आणि तितक्या ओळी कायमच्या नष्ट होत आहेत. एलामी मजकूर आता खाली डावीकडे पुन्हा पहिल्यापासून कोरावा लागेल.

या कड्यावर सर्वात आधी आली ती एलामीच. राजा पारशी, पण लिहिण्याचं काम एलामी लेखनिकांच्या हातात होतं. त्यांच्या शाळा, त्यांचे हिशेब शतकानुशतकं जुने. त्यांच्यानंतर डावीकडे बाबिलोनी आली. राजाची स्वतःची प्राचीन फारसी आली सर्वात शेवटी, खालच्या बाजूला, कारण तिला लिपीच नव्हती. राजा याच लेखात सांगतो की आर्य भाषेसाठी आपण नवं लेखन घडवलं. बाबिलोनीत शेकडो खुणा, इथे जेमतेम छत्तीस अक्षरं आणि काही मोजकी शब्दचिन्हं. शब्द संपला की एक तिरपा खिळा. कोरणाऱ्याच्या शेजारी कोणी मजकूर वाचून दाखवत असेल तर कान द्या. ‘नाम’, ‘बूमि’ असे शब्द कानावर पडतील. ही संस्कृतची सख्खी चुलत बहीण आहे.

खालून वाचता न येणाऱ्या लेखाचा उपयोग काय, असं मनात येईल. राजालाही हे ठाऊक होतं. मजकुराच्या प्रती मातीच्या पाट्यांवर आणि चामड्यावर लिहून त्याने सगळ्या प्रांतांत धाडल्या. कारभाराच्या अरामीत केलेली एक प्रत पपायरसवर, थेट इजिप्तमधल्या एलेफंटाइन बेटावर सापडली आहे.

आता 1847 सालात या. कडा तोच, कपार तीच. मुंबई फौजेतून पुढे आलेला आणि हा लेख वाचू पाहणारा हेन्री रॉलिन्सन खाली उभा आहे. बाबिलोनी मजकुरापर्यंत जायची त्याची हिंमत होत नाही. एक कुर्द मुलगा फटीत लाकडी खुंट्या ठोकत, बोटांच्या आधाराने कातळ पार करतो आणि ओला कागद अक्षरांवर दाबून ठसे घेतो. ते ठसे नसते तर बाबिलोनी वाचायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. माझ्या मते त्या वाचनाच्या श्रेयात या मुलाचा वाटा मोठा आहे. रॉलिन्सनने त्याचं नाव लिहून ठेवलेलं नाही.

कमी अक्षरांमुळे फारसी आधी उलगडली, तिच्या आधाराने बाबिलोनी. बाबिलोनीला अरबी, हिब्रू अशी भावंडं होती, फारसीला अवेस्ता आणि संस्कृत. एलामीशी निर्विवाद नातं सांगणारी एकही भाषा आजवर सापडलेली नाही. त्यामुळे ज्यांनी हा कडा सर्वात आधी लिहिला, त्यांची भाषा तिघींत आजही सर्वात कमी समजते.