दहा फुटी खोलीतला खर्ज



घरी बसून उत्तम संगीत ऐकण्याची हौस बाळगणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो स्पीकरच्या निवडीचा. आपल्यापैकी बहुतेकांची बसण्याची खोली दहा-बारा फुटांपलीकडे जात नाही. दुकानात मात्र कमरेएवढ्या उंच पेट्या हारीने मांडलेल्या असतात, आणि पेटी जितकी थोर तितके संगीत थोर, अशी समजूत घेऊन गिऱ्हाईक घरी परतते. ही समजूत कोठून आली, ती एके काळी खरी कशी होती आणि पुढे ती कशी मोडली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो ठाऊक असला म्हणजे निवड पुष्कळच सोपी होते.

आज घरोघरी दिसणाऱ्या स्पीकरची मूळ रचना १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी जगापुढे मांडली. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे बारीक वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला जोडलेला कागदाचा शंकू, एवढाच तिचा गाभा. वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह खेळू लागला की शंकू पुढेमागे हलतो व हवेला हलवतो. परंतु येथेच एक अडचण आहे. शंकू पुढे सरतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ढाल्या स्वरांच्या लाटा लांब असल्यामुळे त्या कडेने वळून एकमेकींना मिळतात आणि परस्परांना मारतात. म्हणून पुढची व मागची हवा वेगळी ठेवण्यासाठी स्पीकर रुंद फळीत किंवा पेटीत बसवावा लागतो. पेटी लहान असली तर आत कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगप्रमाणे शंकूला अडवी आणि खर्ज नाहीसा होई. ज्याला खर्ज हवा, त्याला कपाटाएवढी पेटी घरात आणणे भाग पडे. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या कोपऱ्यातील भिंतींनाच कर्ण्याचा भाग बनवण्याची युक्ती काढली. तरीही त्यांचा स्पीकर कोपरा अडवून बसणारे एक भले थोरले सामान होतेच. म्हणजे त्या काळी ‘मोठी पेटी, मोठे संगीत’ हे समीकरण बरोबरच होते.

ते मोडले १९५४ साली. न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीचा विषय शिकवणारे एडगर व्हिलचर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, याची सर्वांनी तक्रार केली होती. व्हिलचर यांनी तिलाच कामाला लावले. शंकूचा स्वतःचा ताण त्यांनी अगदी सैल ठेवला आणि त्याला जागेवर परत आणण्याचे काम पेटीतील हवेकडे सोपवले. कापडाच्या वा कागदाच्या वळकटीपेक्षा हवेची स्प्रिंग अधिक नियमाने वागते. त्यामुळे खर्ज केवळ लहान पेटीतून आला असे नव्हे, तर तो अधिक स्वच्छही आला. पेटीत हवा होती दोन घनफुटांहून कमी. ती पुस्तकांच्या फळीवर ठेवता येऊ लागली. पुढे या कंपनीने तंतुवाद्यांच्या चौकडीचे प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण यांची जाहीर तुलना घडवून आणली, तेव्हा वादक केव्हा थांबले आणि स्पीकर केव्हा बोलू लागले, हे अनेकांना ओळखता आले नाही.

पण निसर्ग कोणाला काही फुकट देत नाही. या लहान पेटीला तितक्याच आवाजासाठी अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर लागे. क्लॉस यांचे पुढील भागीदार हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो. पेटी लहान असावी, खर्ज खोल असावा आणि थोड्या शक्तीत आवाज मोठा निघावा, या तीन इच्छांपैकी दोनच पुऱ्या होतात; तिसरी सोडावी लागते. स्पीकर निवडणे म्हणजे काय सोडायचे ते ठरवणे होय.

१९५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. ज्या घरात एक पेटी मावत नव्हती तेथे आता दोन मांडायच्या होत्या. लहान स्पीकर ही तेव्हापासून केवळ सोय राहिली नाही, गरज झाली.

या कथेचा पुढील अध्याय इंग्लंडमधला आहे. बीबीसीच्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत जागा अपुरी असे आणि कानावर चढवायच्या हेडफोनने तंत्रज्ञांचे समाधान होत नसे. यासाठी त्यांच्या संशोधन विभागाने १९७० च्या दशकात एलएस ३/५ ए नावाची एक चिमुकली पेटी तयार केली. तिची उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९ आणि आतली जागा अवघी पाच लिटर. बीबीसीच्या अभियंत्यांची एक जुनी रीत होती : ओळखीच्या माणसाचे बोलणे प्रत्यक्ष ऐकायचे आणि तेच स्पीकरमधून ऐकून ताडून पाहायचे. त्यांनी या पेटीत खोल खर्जाचा मोह सोडला, मोठ्या आवाजाचाही सोडला, आणि मानवी आवाजाचा खरेपणा राखला. परवाना घेऊन अनेक कंपन्यांनी ती बनवली. आजही ती बनते व विकली जाते.

आता आपल्या खोलीकडे वळू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. अशा लहान पेटीची ताकद साधारण तेथेच ओसरू लागते. तरी तंबोरा ओळखू येतो, कारण मूळ कंपन क्षीण असले तरी त्यावरील स्वयंभू स्वरांच्या आधारे कान ते जुळवून घेतो. उलट मोठी पेटी दहा फुटी खोलीत आणली तर खोलीच गाऊ लागते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये दहा फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ५६ कंपनांचा स्वर त्यांच्यामध्ये घुमत राहतो. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही त्याच स्वराला उचलून धरतात. मग तबल्याच्या डग्ग्याची मींड सरळ न उतरता एका जागी फुगते. दोष स्पीकरचा नसतो, पण पैसे मात्र त्यावरच खर्च झालेले असतात.

म्हणून खरेदीला जाताना खोलीची लांबी-रुंदी मोजून जावे. आपल्या पूर्ण परिचयाच्या गायकाचे एखादे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे आणि घरी ज्या आवाजात ऐकतो त्याच आवाजात ते ऐकावे. दुकानात मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो. घरी आणल्यावर पेटी कोपऱ्यात कोंबू नये. कोपरा खर्ज वाढवतो खरा, पण तो खोलीचा घुमाराही वाढवतो. भिंतीपासून वीतभर पुढे, मग हातभर पुढे, असे सरकवून पाहावे. या प्रयोगाला पैसा लागत नाही, आणि पुष्कळदा महागड्या पेटीने होणार नाही एवढा फरक त्याने पडतो.

लहान खोलीत राहणाऱ्याने संगीताच्या बाबतीत स्वतःला दरिद्री समजण्याचे कारण सत्तर वर्षांपूर्वीच संपले. खोल खर्जाचा थोडा हट्ट सोडण्याची तयारी असेल, तर गायकाचा गळा आपल्या दहा फुटांत पुरेपूर मावतो.